पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर किती दुखतं, आणि कोणतं दुखणं अंगावर काढायचं नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ४९, राहायला बोरिवलीला, नोकरी फोर्टमध्ये बँकेत. वरच्या पापण्यांची लोंबणारी त्वचा आणि डोळ्यांखालच्या पिशव्या, दोन्हींची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. सर्जन म्हणाले, फारसं दुखत नाही. नणंदेच्या मैत्रिणीने मात्र सांगितलं की तिचे पंधरा दिवस फार वाईट गेले. तुम्हाला दुखणं अजिबात सहन होत नाही, आणि ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी भाचीचं लग्न आहे. तेव्हा खरं कोण सांगतंय, कामावर कधी जाता येईल, आणि लग्नात चेहरा नीट दिसेल का?

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. पापण्या आणि डोळ्यांभोवतीच्या शस्त्रक्रिया हेच माझं मुंबईतलं रोजचं काम आहे. मला विचाराल तर सर्जनही खरं सांगतायत आणि नणंदेची मैत्रीणही. या शस्त्रक्रियेत दुखतं कमी, पण सूज, धूसर दिसणं, डोळ्यात खुपणं आणि आरशातला स्वतःचा चेहरा यांचा त्रास बराच होतो. तुमच्या सर्जननी पहिल्याचं उत्तर दिलं, त्या बाईंनी दुसऱ्याचं.

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला दुखणं सहन होत नाही. त्याची मला फारशी चिंता नाही. मला चिंता वाटते ती जास्त सहन करणाऱ्या बायकांची. ‘ऑपरेशन झालंय म्हटल्यावर थोडं दुखणारच’ असं म्हणून त्या रात्रभर गप्प पडून राहतात. पापण्यांच्या शस्त्रक्रियेत जोराचं दुखणं हा नेहमीच्या प्रवासाचा भागच नाही. ते आलं तर काहीतरी बिघडतंय असं धरून चालायचं. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आधी, काय कशावर अवलंबून आहे ते सांगते. फक्त वरच्या पापण्या केल्या तर बहुतेकांचं लवकर निभावतं. खालच्या पापण्या केल्या की सूज जास्त येते आणि जास्त दिवस टिकते. खालचं काम पापणीच्या आतून, म्हणजे बाहेर टाका न घालता करायचं, की पापणीच्या केसांलगत बाहेरून छेद घेऊन, यानेही फरक पडतो. आतून केलं तर बाहेर व्रण नसतो. बाहेरून केलं तर सैल त्वचाही काढता येते, पण पापणी खाली ओढली जाण्याचा धोका थोडा वाढतो. चरबी नुसती काढणार की खालच्या खळग्यात सरकवून बसवणार, हेही विचारून घ्या, कारण सरकवलेल्या चरबीची सूज उतरायला वेळ लागतो. शिवाय तुमचा रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, डोळ्यांचा कोरडेपणा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेतच. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून पुढे सांगते ते सर्वसाधारण प्रकृतीच्या बाईला धरून आहे, असं समजा.

दुखणं कमी का, ते एकदा कळलं की भीती निम्मी होते. पापणीची त्वचा आपल्या अंगावरची सगळ्यात पातळ त्वचा, जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. छेद वरवरचा असतो आणि हाडाला हात लागत नाही. पोटाच्या ऑपरेशनमध्ये हालचाल करताना मोठे स्नायू ताणले जातात, तसं इथे काही होत नाही. रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे जखम भराभर भरते. पण याच त्वचेखालचा थर फार सैल असतो, त्यात पाणी आणि रक्त सहज साचतं. त्यामुळे दुखतं थोडं आणि दिसतं भयंकर. घरच्यांना वाटतं, एवढं सुजलंय म्हणजे केवढं दुखत असेल! त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पेशंट घाबरते.

प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये सगळ्यात जास्त लागते ती भुलीची सुई. औषध आत जाताना काही सेकंद चांगलीच आग होते. शिरेतून गुंगीचं औषध देणार असतील तर तेही फारसं आठवत नाही. नंतर कापलेलं कळत नाही, पण चरबी सोडवताना डोळ्याच्या मागे खोल ओढल्यासारखं वाटू शकतं. तेव्हा गप्प राहू नका, सांगा. आणखी भूल देता येते. चारही पापण्यांना साधारण दीड-दोन तास लागतात आणि संध्याकाळपर्यंत घरी जाता येतं.

भूल काही तासांत उतरते. मग चुरचुरतं, ताणल्यासारखं वाटतं, डोळे जड होतात. पहिल्या दिवशी पॅरासिटामॉलची गोळी सर्जननी सांगितलेल्या वेळेला घ्या, दुखायची वाट बघू नका. यामागचं कारण असं की दुखलं आणि घाबरलं की रक्तदाब चढतो, आणि रक्तदाब चढला की थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणूनच रक्तदाबाची रोजची गोळी चुकवायची नाही. घरातल्या डब्यातली दुसरी कुठलीही गोळी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. डिस्प्रिनमध्ये अॅस्पिरिन असतं, कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन. दोन्हींमुळे रक्त गोठायला अडथळा येतो. आपल्याकडे डोकं दुखलं की याच गोळ्या हाताशी येतात, म्हणून नावं घेऊन सांगितलं.

पहिले ४८ तास थंड शेक. जागेपणी तासातून दहा-पंधरा मिनिटं पुरतात. फ्रीझरमधल्या मटारची लहान पिशवी स्वच्छ मऊ कापडात गुंडाळून हलकेच ठेवा, दाबू नका. बर्फ थेट लावू नका, कारण पापणी बधिर असते आणि थंडीने त्वचा भाजली तरी तुम्हाला कळणार नाही. झोपताना डोकं दोन-तीन उशांवर उंच ठेवा, कुशीवर वळू नका. मलमामुळे धूसर दिसतं आणि रात्रीचे अर्धे फोन त्यासाठीच येतात. त्यावर उपाय सोपा आहे. कडेचं मलम हलक्या हाताने टिपा, चार-पाच वेळा पापण्या मिटा-उघडा आणि एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचा. आकडे दिसले तर धूसरपणा मलमाचाच होता. पहिल्या रात्री झोपण्यापूर्वी, आणि मध्ये जाग येईल तेव्हा, हे करायचं. कसं करायचं ते घरातल्या एका माणसाला आधीच शिकवून ठेवा.

आता कोणत्या दुखण्याचा काय अर्थ, ते जरा सविस्तर सांगते.

डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतंय, चुरचुरतंय, पाणी येतंय, आणि थेंब टाकल्यावर बरं वाटतंय. हा कोरडेपणा. सुजेमुळे पापणी पूर्ण मिटत नाही, उघडझाप कमी होते आणि बुबुळ वाळतं. जवळजवळ सगळ्यांना होतं, आणि रजोनिवृत्तीच्या वयात डोळे आधीच कोरडे असतात म्हणून तुम्हाला थोडं जास्त जाणवेल. दिवसा वंगणाचे थेंब, रात्री मलम. झोपेत डोळा फटीएवढा उघडा राहत असेल तर सकाळी खुपणं जास्त असतं. तेव्हा रात्रीचं मलम टाळू नका.

टाक्यांच्या जागी सुई टोचल्यासारखं अधूनमधून होतं, ते टाक्यांचं. टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात. काढताना चिमटा घेतल्यासारखं होतं, तेवढंच. त्यानंतर बऱ्याच जणी म्हणतात, आता सुटल्यासारखं वाटतंय.

डोळा उघडला की तीव्र टोचतं, उजेड सहन होत नाही, पाण्याची धार लागते आणि हे पहिल्या काही तासांतच सुरू झालंय. अशा वेळी बुबुळावर ओरखडा असू शकतो. योग्य औषधाने तो बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतो, पण तपासून घ्यायलाच हवा. फोनवर अंदाज बांधून चालत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय ते. एकाच डोळ्यात खोल ठणका, तो तासागणिक वाढतोय, गोळीला दाद देत नाही. त्या बाजूची पापणी झपाट्याने फुगून घट्ट, ताठ झाली आहे. डोळा पुढे आल्यासारखा वाटतो. दिसायला कमी झालंय किंवा एकाचे दोन दिसतायत. हा डोळ्यामागचा रक्तस्राव असू शकतो. तो फार विरळ आहे, साधारण २००० शस्त्रक्रियांमध्ये १, आणि त्यातही दृष्टी कायमची जाणं त्याहून कितीतरी विरळ. पण डोळ्याची खोबण हाडाची असल्यामुळे साचलेल्या रक्ताला पसरायला जागा नसते. त्याचा दाब दृष्टीच्या नसेवर आणि पडद्याच्या रक्तपुरवठ्यावर येतो, आणि तो दीड-दोन तास तसाच राहिला तर नुकसान भरून निघत नाही. उपाय मात्र साधा आहे. टाके उघडायचे, साचलेलं रक्त वाट करून बाहेर काढायचं, गरज पडली तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातला बंध सोडवून दाब कमी करायचा. कॅज्युअल्टीत जागच्या जागी भूल देऊनही हे करता येतं. वेळेत पोचलं की डोळा वाचतो.

हा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतो, म्हणजे नेमका पेशंट घरी असताना, पुष्कळदा रात्री. माझ्या एका पेशंटच्या नवऱ्याने रात्री उशिरा फोन केला, “ती म्हणतेय उद्या सकाळी बघू, पण तिला डाव्या डोळ्याने कॅलेंडर दिसत नाहीये.” त्यांनी बायकोचं ऐकलं नाही आणि तिला घेऊन आले. तिची नजर आज पूर्ण शाबूत आहे. म्हणून सर्जनना आधीच विचारा, रात्री दोन वाजता असं झालं तर मी कोणाला फोन करायचा आणि कुठे यायचं? ‘सकाळी ओपीडीत या’ हे त्याचं उत्तर असू शकत नाही. सर्जन फोन उचलत नसतील तर वाट बघत बसू नका. तुम्हाला जवळ पडेल असं डोळ्यांचे डॉक्टर रात्री हजर असणारं मोठं रुग्णालय आधीच हेरून ठेवा. विलेपार्ल्याचं कूपर, परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर या पालिकेच्या रुग्णालयांचे अपघात विभाग रात्रंदिवस चालू असतात. गेल्या गेल्या ‘पापणीचं ऑपरेशन झालंय आणि दिसायला कमी झालंय’ हे एवढंच वाक्य आधी सांगा. केसपेपर मागून निघेल.

आणखी एक प्रकार चौथ्या-पाचव्या दिवसानंतरचा. कमी झालेलं दुखणं परत वाढतं, जागा लाल आणि गरम होते, पू येतो, कणकण वाटते. हा जंतुसंसर्ग. पापण्यांत तो क्वचित होतो, पण झाला तर त्याच दिवशी दाखवायचा. दुखत नाही पण खाज सुटतेय, मलम लावलं तिथेच त्वचा लाल होतेय, तर ती मलमाची अॅलर्जी असू शकते. मलम जास्त लावून ती वाढते. लावणं थांबवा आणि फोन करा.

दुसरा-तिसरा दिवस मनाला जड जातो. सूज तेव्हा सर्वात जास्त असते. सकाळी डोळे जेमतेम उघडतात, काळंनिळं गालापर्यंत उतरतं, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त सुजलेली असते. धीट म्हणवणाऱ्या बायका या दिवशी रडतात, ‘हे काय करून घेतलं मी’ म्हणतात. तुम्हालाही तसं वाटलं तर ते ऑपरेशन बिघडल्याचं लक्षण नाही. काळानिळा रंग पुढे हिरवट, मग पिवळा होतो आणि दहा ते चौदा दिवसांत बहुतेक जातो. ४८ तासांनंतर सर्जन सांगतील तर कोमट शेक घ्या. खालच्या पापणीच्या कामानंतर काहींच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जेलीसारखा पारदर्शक फुगवटा येतो. बघून धस्स होतं, पण थेंबांनी तो उतरतो, कधी मात्र त्याला आठवडे लागतात.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रक्तदाब आणि डोक्याकडचा दाब वाढेल असं काही करायचं नाही. आपल्या घरांच्या हिशेबाने सांगायचं तर वाकून केर-लादी, पाण्याच्या बादल्या उचलणं, सूर्यनमस्कार, कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन हे सगळं बंद. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या, दाबू नका. पॅरासिटामॉलने बद्धकोष्ठ होत नाही, पण घरात बसून, पाणी कमी पिऊन तो होतो आणि कुंथल्याने दाब येतो. रात्री इसबगोल घ्या. फोडणीच्या मिरचीचा ठसका आणि धूप-अगरबत्तीचा धूर यांच्यापासून आठवडाभर लांब राहा. स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला तर घर बंद पडत नाही. आंघोळ मानेखाली करा, डोक्यावरून टाके निघाल्यावर. गुलाबपाणी, मध, एरंडेल, गाईचं तूप, यातलं काहीही डोळ्यात नको. सांगणाऱ्या मावश्या प्रेमानेच सांगतात, पण ताज्या जखमेजवळ हे घालणं म्हणजे जंतूंना वाट करून देणं. सर्जननी स्टेरॉइडचे थेंब दिले असतील तर सांगितलेल्या दिवसांपुरतेच वापरा, नंतर दुकानातून आणून चालू ठेवू नका. त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो.

कामाचं म्हणाल तर घरून लॅपटॉपवर थोडं काम चौथ्या-पाचव्या दिवसापासून जमतं. स्क्रीनने जखमेला काही होत नाही, पण स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या मिटायचं विसरतो आणि एसीमध्ये कोरडेपणा वाढतो. वीस-पंचवीस मिनिटांनी डोळे मिटून बसा, थेंब टाका. बँकेत काउंटरवर लोकांसमोर बसायचं असेल तर चारही पापण्यांसाठी मी दोन आठवड्यांची रजा घ्यायला सांगते. फक्त वरच्या पापण्या असत्या तर आठ-दहा दिवसांवर भागलं असतं. पण खरी अडचण बोरिवली ते चर्चगेट प्रवासाची आहे. सकाळी साडेआठच्या फास्ट लोकलमध्ये, लेडीज डब्यातसुद्धा, एखादीचं कोपर किंवा पर्स डोळ्यावर बसायला वेळ लागत नाही, आणि दोन आठवड्यांच्या जखमेत तेवढी ताकद नसते. तिसऱ्या आठवड्यातही शक्य असेल तर गर्दीची वेळ टाळा, स्लो लोकल घ्या, साधा का होईना चष्मा घाला. बाहेर उन्हात गॉगल हवाच. आपल्या सावळ्या त्वचेवर ताज्या व्रणाला ऊन लागलं की डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात.

आता लग्न. पाच आठवड्यांत सूज बरीचशी उतरलेली असेल, काळंनिळं गेलेलं असेल, आणि लांबून बघणाऱ्याला काही कळणार नाही. पण वरच्या पापणीची रेघ गुलाबी असेल, बाहेरच्या कोपऱ्यात थोडी जाड लागेल, आणि सकाळी डोळे जरा फुगलेले असतील. मेकअपने हे झाकता येतं. काजळ आणि आयलायनर दोन आठवड्यांनंतर चालतं, मात्र नवीन पेटीतलं वापरा, जुनं टाकून द्या. काँटॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्यांनाही निदान दोन आठवडे सुट्टी. खालच्या पापण्यांना मात्र माझा भरवसा नाही. तो जेलीसारखा फुगवटा रेंगाळला किंवा एक पापणी सुजेमुळे किंचित खाली राहिली, तर पाचव्या आठवड्यातही ते फोटोत दिसू शकतं. अंतिम रूप यायला तीन ते सहा महिने लागतात. व्रण मुरायला कधी वर्ष. तारीख तुमच्या हातात असेल तर माझं स्पष्ट मत आहे, लग्न होऊ द्या आणि मग करा. भाचीच्या लग्नात तुम्हाला मांडवात आनंदाने वावरायचंय, दर तासाला आरसा नाही बघायचा. शिवाय घरात कार्य असताना विश्रांती कोण घेऊ देणार? लग्नाआधीच करायचं असेल तर फक्त वरच्या पापण्या आता आणि खालच्या नंतर, असा पर्याय सर्जनना विचारून बघा.

पापण्यांच्या केसांजवळ बधिरपणा काही आठवडे, कधी काही महिने राहतो. दोन्ही डोळे अगदी एकसारखे होत नाहीत, ऑपरेशनआधीही नसतात. जुना फोटो काढून बघा. डोळ्यांखालचा काळेपणा त्वचेच्या रंगाचा असेल तर पिशव्या काढून तो जाणार नाही. हे आधी कळलेलं बरं, कारण त्यावरून नाराज झालेल्या पुष्कळ जणी मी बघितल्या आहेत.

पुढच्या भेटीत सर्जनना अश्रूंची तपासणी करायला सांगा. पापणीखाली कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती होते, दुखत नाही. थायरॉइडचा त्रास कधी झाला असेल तर तो सांगा. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, त्यात माशाच्या तेलाच्या, व्हिटॅमिन ई-च्या आणि लसणाच्या कॅप्सूलही लिहा, कारण त्यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी हृदयासाठी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, तुमच्या फिजिशियननी आणि सर्जननी मिळून ठरवू द्या. आणि रात्री फोन करायचा नंबर लिहून घ्या. तो तुमच्याबरोबर घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ऑपरेशनच्या आधीच असू द्या.